मुक्कामी गाडीच्या वेळेचा तारा

मार्गासनी,
५ ऑक्टोबर २०२५

मोहिनी यांस धनाजीचा नमस्कार.

माझं पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. या घरातून तुम्हाला आजवर जी पत्रं गेली ती सुलक्षणाने लिहिलेली. मी ती फक्त पेटीत टाकायचो. फोन करता आला असता, पण फोनवर मला बोलणं सुचत नाही. जुलैमध्ये तेराव्याला तुम्ही साताऱ्याहून आलात तेव्हाही मी तुमच्याशी नीट बोललो नाही. लिहिताना निदान थांबता येतं.

काम एवढंच आहे. दवाखान्यात सुलक्षणा मला म्हणाली होती, "मीरा परत दिसायला लागली की मोहिनीला कळवायचं. मी नसले तर तुम्ही बघा आणि तुम्ही कळवा. मोसम चुकवायचा नाही." मी हो म्हणालो. तिने माझ्याकडे मागितलेली ती शेवटची गोष्ट. शाळेतून निवृत्त झाल्यावरही ती या एका ताऱ्याची नोंद तारे बघणाऱ्या तुमच्या गटाला पाठवत राहिली, हे तुम्हाला माहीत आहेच. मला त्यातलं फारसं कळत नाही. मी एसटीत चालक होतो. महिन्यातल्या निम्म्या रात्री मुक्कामी गाडी घेऊन दुसऱ्या गावात असायचो. तिच्याबरोबर गच्चीवर उभं राहणं फार कमी वेळा झालं. एकदा रजेवर होतो, तेव्हा तिने बोट दाखवून सांगितलं होतं, "मुक्कामी गाडी आली की पश्चिमेच्या खिंडीवर बघायचं. तो तांबूस आहे ना, ती मीरा." हे मी पक्कं लक्षात ठेवलं.

तर कळवतो. मीरा दिसली. दसऱ्यानंतर आभाळ उघडलं आणि काल साडेआठला मुक्कामी गाडी आली तेव्हा मी गच्चीवर गेलो. खिंडीच्या बरोबर वर तांबूस तारा होता. चांगला ठळक. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, तरी दिसला.

सुलक्षणाने तुमचा पत्ता लिहिलेली काही पाकिटं ठेवली आहेत. तीच वापरतो आहे.

धनाजी


सातारा,
१२ ऑक्टोबर

दाजी,

पाकिटावर ताईचं अक्षर बघून मी दारातच उभी राहिले. पोस्टमन विचारायला लागला, "बाई, वाईट बातमी आहे का?" मी म्हटलं, नाही रे बाबा, माहेरचं पत्र आहे.

आधी एक भांडण. मेव्हणीला अहोजाहो करणारे दाजी भोर-वेल्ह्यात तुम्हीच असणार. ताईच्या लग्नात मी तुमचा बूट लपवला होता. तुम्ही एक शब्द न बोलता एका पायात बूट घालून मांडवात फिरलात आणि शेवटी मलाच लाज वाटून बूट परत द्यावा लागला. त्या मुलीला अजून 'तुम्ही' म्हणता?

तुम्ही बघायला लागलात याचा मला किती आनंद झाला ते लिहिता येत नाही. ताईची मीरा साधा तारा नाही. आमच्या भाषेत तिला रूपविकारी तारा म्हणतात, म्हणजे जिचं तेज बदलत राहतं अशी. वजनाला आपल्या सूर्याइतकीच, पण म्हातारपणी फुगून राक्षसासारखी झालेली. सूर्याच्या जागी ठेवली तर बुध, शुक्र आणि आपली पृथ्वी तिच्या पोटात जातील. आणि ती श्वास घेते, दाजी. जवळजवळ अकरा महिन्यांत एक श्वास. फुगते तशी थंड होते, मंद होते, डोळ्यांना दिसेनाशी होते. मग आक्रसते, तापते, पुन्हा उजळते. सगळ्यात मंद असते त्याच्या कित्येक शेकडो पट उजळते. चारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या लोकांनी हे बघून तिला 'मीरा' हे नाव दिलं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ अद्भुत.

तुम्ही बघत राहा. शेजारी काय दिसतं तेही लिहा. जवळ दुसरे तारे आहेत का, किती ठळक, कुठल्या बाजूला. ताई तसंच लिहायची.

मोहिनी


मार्गासनी,
२६ ऑक्टोबर

मोहिनी यांस,

बुटाची गोष्ट मला आठवते. त्या बुटाला आतून खिळा लागत होता. बूट पायात नव्हता तेच बरं वाटत होतं. ते कुणाला सांगितलं नव्हतं.

तुम्ही शेजारी काय दिसतं ते विचारलं. मीरेच्या अगदी जवळ आणखी एक तारा आहे. तिच्यापेक्षा जरा मंद. मला तो पहिल्या दिवशी दिसला नव्हता, लेकीची, स्नेहलची जुनी दुर्बीण लावली तेव्हा दिसला. दोघं जोडीनं खिंडीकडे उतरतात. मला ते बघून बरं वाटायचं. आता दिसत नाहीत. रोज गाडीच्या वेळेला बघत होतो, रोज ती थोडी खाली सरकलेली असायची. आठवड्याभरात खिंडीमागे गेली. त्यानंतर तीन-चार वेळा बघितलं, नाही. तुम्ही लिहिलंत तसं श्वास घेऊन ती मंद झाली असावी. म्हणजे सुलक्षणाने सांगितलेलं काम झालं असं मी धरतो.

दिवाळी गेली. वर्षाच्या आत आमच्याकडे सण नसतो, त्यामुळे घरावर आकाशकंदील लावला नाही. वाडीतलं तेवढंच एक अंधारं अंगण. शेजारच्या फुलाबाई फराळाचं ताट घेऊन आल्या. मी गच्चीवर होतो. खालूनच म्हणाल्या, "धनाजीभावजी, मान मोडंल की! सुलक्षणा रोज वर बघायची, आता तुमी. खाली बघा जरा, करंजी थंड व्हती." मग स्वतःच म्हणाल्या, "ह्यो अंधार आवडला असता तिला." खरं आहे. दिवाळीत ती नेहमी चिडायची की वाडीभर दिवे, तारे दिसत नाहीत.

काम झालं आहे, तेव्हा स्नेहलकडे पुण्याला जाईन म्हणतो. ती डोळ्याच्या ऑपरेशनचं कधीपासून मागे लागली आहे. आणि मग तिथेच राहा म्हणते. बघू.

धनाजी


सातारा,
२ नोव्हेंबर

दाजी,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

तुम्ही बघितलीत ती मीरा नाही.

हे मला तुमचं पहिलं पत्र वाचतानाच कळलं होतं. या दिवसांत मीरा डोळ्यांना दिसतच नाही, आणि संध्याकाळी ती पश्चिमेला नाही, पूर्वेला उगवते. तरी मी लिहिलं नाही. ताई गेल्यावर तुमच्यात पहिल्यांदाच जरा उभारी दिसली होती, ती घालवायला मन झालं नाही. वाटलं, शेजारच्या ताऱ्यांचं वर्णन करताना तुमचं तुम्हालाच कळेल. ते चुकलं माझं. त्या शेजारच्याने तुम्हाला बरं वाटलं, आणि आता तोही मी काढून घेते आहे.

तुम्ही बघितलात तो भुजंगधारी नावाच्या तारकासमूहातला एक तारा. तोही लाल राक्षसी ताराच आहे. आकाशातही जवळजवळ मीरेच्याच वाटेवरून जातो, त्यामुळे त्याच खिंडीत उतरतो. तुमची नजर चुकली नाही. चूक वेळेची आहे, आणि ती चूक एसटीचा माणूसच करू शकतो. तुम्ही वेळापत्रक पाळलंत! तारे ते पाळत नाहीत. रोज चार मिनिटं लवकर सुटतात. महिन्यात दोन तासांचा फरक पडतो. मुक्कामी गाडीच्या वेळेला मीरा खिंडीवर असते ती मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. ताईने तुम्हाला दाखवली ती तेव्हाच. तुम्ही कुठल्या महिन्यात रजा घेतली होती?

म्हणजे काम संपलेलं नाही, दाजी. ते अजून सुरूच व्हायचं आहे. मीरा आत्ता तळाला आहे. साध्या डोळ्यांनी दिसायला जानेवारीचा शेवट येईल. मार्चमध्ये ती पूर्ण उजळलेली असेल, असा अंदाज आहे.

रागावलात तरी चालेल. पण उत्तर द्या.

मोहिनी


मार्गासनी,
१८ डिसेंबर

मोहिनीस,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून मी गच्चीवर गेलो नाही. राग तुझ्यावर नव्हता. सुलक्षणाने एवढं एक काम सांगितलं, आणि मी महिनाभर भलत्याच ताऱ्याकडे बघून समाधान मानत होतो, याचं वाईट वाटलं. रजा मार्चमध्येच होती. आमच्या गावची जत्रा होती.

मग स्नेहल येऊन मला पुण्याला घेऊन गेली. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर मला काय दिसलं ते तुला सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. स्वारगेटला आमची गाडी उभी होती. लाल. मी इतकी वर्षं ती गाडी चालवली, आणि गेली चार-पाच वर्षं मला ती विटकरी दिसते आहे हे मला माहीतच नव्हतं. मी एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून. उजव्याने विटकरी, डाव्याने लाल. कंडक्टर म्हणाला, "काका, डोळा कुणाला मारताय?" मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

तेव्हा मनात आलं की या डोळ्याने मीरा बघावी.

स्नेहल सोडत नव्हती. म्हणाली, "आप्पा, थंडी संपेपर्यंत तरी राहा. तिथं एकटं काय करणार?" मी म्हणालो, "मार्चपर्यंत काम आहे." कसलं, ते तिने विचारलं. मी सांगितलं. मग तिने डबा बांधून दिला आणि गाडीत बसवून दिलं. तिच्या इमारतीवरून मी एकदा वर बघितलं होतं. चंद्र आणि दोन-तीन तारे, बाकी सगळं राखाडी. तिथून मीरा दिसली नसती.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, ती दिसेनाशी होते तेव्हा तिचा उजेड जातो कुठे? एवढा मोठा तारा विझून परत पेटतो, हे मला पटत नाही. इंजिन बंद करून चालू केल्यासारखं ते नसणार. दुसरी, दिसली तर ती किती ठळक आहे हे सांगायचं कसं? सुलक्षणा आकडे लिहायची. मला ते येत नाही.

धनाजी


सातारा,
२८ डिसेंबर

दाजी,

'मोहिनीस' आणि 'तुला' वाचून मी नवऱ्याला पत्र दाखवलं. तो म्हणाला, "चाळीस वर्षं लागली की गं."

तुमचा पहिला प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा म्हणून मी कॉलेजात पंचवीस वर्षं वाट बघितली. ती विझत नाही. तुमचं बरोबर आहे. फुगून थंड झाली की तिच्या वरच्या थरांत धातूंची ऑक्साइडं तयार होतात, आणि ती आपल्या डोळ्यांना दिसणारा उजेड अडवून धरतात. तिची बरीच शक्ती मग नुसत्या उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. डोळे त्या उष्णतेला आंधळे आहेत, एवढंच. ज्या दुर्बिणींना उष्णता दिसते त्यांना मीरा कधीच नाहीशी होत नाही, फक्त थोडी कमी-जास्त होते. चुलीतला निखारा राखेखाली गेल्यासारखं. हात जवळ नेला तर कळतं.

आणखी एक सांगायचं राहिलं होतं. तुम्हाला त्या दुसऱ्या ताऱ्याशेजारी जोडीदार दिसला होता. खऱ्या मीरेलाही जोडीदार आहे. लहानसा, पांढरा, आयुष्य जगून झालेला तारा. तो साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण दोघं शेकडो वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पूर्ण करतात. मीरा जे द्रव्य उधळते त्यातलं थोडं तो धरून ठेवतो. बाकीचं तिच्यामागे शेपटीसारखं पसरत जातं, इतकं लांब की शेपटीच्या एका टोकाहून निघालेल्या उजेडाला दुसऱ्या टोकाला पोचायला तेरा वर्षं लागतील. त्या द्रव्यातून पुढे कधीतरी नवे तारे होतील. म्हातारा तारा नुसता संपत नाही, दाजी. वाटत वाटत जातो.

आता दुसरा प्रश्न. तेज सांगायचं ते शेजाऱ्यांशी ताडून. या ताऱ्यापेक्षा ठळक, त्या ताऱ्यापेक्षा मंद, असं. आकडा मी काढते. शेजारी कुठले ते सोबतच्या नकाशात दाखवलं आहे. त्यावर नावं लिहिली आहेत ती माझी नाहीत, ताईची आहेत. तुम्हाला तिने कधी सांगितलं नसेल, लाजत असेल. सगळ्यात मंद तारा वेल्हे. त्याहून ठळक विंझर. मग मार्गासनी. आणि सगळ्यात ठळक नसरापूर. तुमच्या गाडीचे थांबे. गटातले सगळे तिला हसायचे, पण मला ती पत्रं कळायची. "आज मीरा विंझर सोडून निघाली, मार्गासनीला पोचायला आठवडा लागेल." "या वेळी नसरापूरपर्यंत जाईल असं वाटत नाही, मार्गासनीलाच मुक्काम."

तेव्हा तुम्हाला आकडे यायची गरज नाही. हा रस्ता तुम्हाला पाठ आहे.

मोहिनी


मार्गासनी,
११ फेब्रुवारी २०२६

मोहिनीस,

नकाशा मिळाला. थांब्यांचं मला माहीत नव्हतं. 

जानेवारीभर बघितलं. आधी नकाशावरून तिमिंगल या तारकासमूहाचं डोकं शोधायला शिकलो, मग नसरापूर, मग मार्गासनी आणि विंझर. ही तिन्ही साध्या डोळ्यांनी दिसतात. वेल्हे अंधार चांगला असला तरच. मीरेच्या जागी काही नव्हतं. रोज मोकळी जागा बघत होतो. वरच्या माळावरचा ज्ञानू मेंढरं खाली आणतो, त्याने एकदा विचारलं, "दादा, काय हरावलंय तिकडं?" मी म्हणालो, एक तारा यायचाय. तो म्हणाला, "यायचाय? आमच्या म्हाताऱ्याला समदं तारं ठावं व्हतं, पर येनारा तारा म्या कंदी ऐकला न्हाई." मग जाता-येता तोही विचारायला लागला, "आला का?"

परवा आली. दुर्बीण न लावता. नकाशात होती तिथेच, जिथे मागच्या आठवड्यात चंद्राच्या उजेडात काही नाही असं वाटत होतं तिथे. या वेळी मी जागा चारदा ताडून बघितली. शेजारी जोडीदार नाही. रंग तांबूस, अगदी मंद निखाऱ्यासारखा. डाव्या डोळ्याने बघितला.

फुलाबाईंना बोलावून दाखवली. म्हणाल्या, "मीरा म्हंजी ती किस्नाची मीराबाई व्हय?" मी म्हणालो, न्हाई, दुसरी. त्या म्हणाल्या, "मंग तुमचीच असंल," आणि पदर तोंडाला लावून हसत जिना उतरल्या.

नोंद अशी. ती मला मार्गासनीच्याही पुढे गेलेली वाटली, नसरापूरच्या वाटेवर. मी बराच वेळ बघत होतो. नक्की किती ते माहीत नाही, स्वेटर घालायचं विसरलो होतो. पहिल्यांदा विंझरइतकी वाटली होती, पण बघता बघता ठळक होत गेली. काल आणि आजही तसंच.

धनाजी


सातारा,
१७ फेब्रुवारी

दाजी,

दिसली! मी इथून, तुम्ही तिथून. परवा माझ्याकडे ढग नव्हते, मीही बघितली. गटात सगळ्यांना कळवलं की मार्गासनीची नोंद आली. ते ऐकून कुमार नावाचा आमचा एक जण, जो ताईला सगळ्यात जास्त हसायचा, नुसता "बरं झालं" म्हणाला आणि उठून बाहेर गेला.

पण तुमची नोंद मला तशीच धरता येत नाही. या वेळी मी लपवणार नाही. गटातले सात जण म्हणतात विंझर. एकटे तुम्ही म्हणता मार्गासनीच्या पुढे. तारा बरोबर आहे, जागा बरोबर आहे, फक्त तुम्ही जास्त वेळ बघितलंत. लाल ताऱ्याचं असं असतं, दाजी. त्याच्याकडे टक लावून बघितलं की तो ठळक होत जातो. तारा तेवढाच असतो, डोळा भरत जातो. म्हणून लाल ताऱ्याकडे एकच नजर टाकायची, लगेच शेजाऱ्याकडे बघायचं, ठरवायचं आणि लिहायचं. जितका जीव लावून बघाल तितकी नोंद चुकेल.

नवीन माणूस ही चूक करतोच. ताईनेही सुरुवातीची दोन वर्षं केली. मी तिला हेच लिहिलं होतं, तेव्हा तिचं उत्तर आलं: "बघितलं की बघवत राहतं, त्याला मी काय करू?" पण मग ती शिकली. तिची नजर आमच्या गटात सगळ्यात खरी झाली. तिच्या नोंदीवरून मी इतरांच्या नोंदी तपासायचे.

पहिल्यांदा विंझरइतकी वाटली होती, असं तुम्हीच लिहिलं आहे. तीच तुमची नोंद. ती मी धरली आहे.

मार्चमध्ये पौर्णिमेचा चंद्र सरला की एक खरी नोंद हवी. एक नजर.

मोहिनी


मार्गासनी,
९ मार्च

मोहिनीस,

काल आभाळ स्वच्छ होतं. पौर्णिमा होऊन गेली आहे, चंद्र उशिरा उगवतो. आठच्या सुमाराला गच्चीवर गेलो, पण बघितलं नाही. पाठ करून बसलो. एक नजर टाकायची तर वेळेवर टाकायची, असं ठरवलं होतं.

साडेआठला मुक्कामी गाडी आली. सध्या त्या गाडीवर मानसिंग असतो. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा. अंगणापुढे गाडी वळवताना तिचे दिवे सरळ गच्चीवर येतात. मला तिथे बघून त्याने काच खाली केली. "काका, गाडीत बसायचंय का? सकाळी सहाला सुटनार हाय."

मी म्हणालो, "दिवे बंद कर."

"तुमची ती आली का काय?"

"बघू दे आधी."

त्याने दिवे बंद केले. मग म्हणाला, "घ्या, इंजान पन बंद." गाडीचा आवाज थांबल्यावर वाडी एवढी शांत असते हे मला माहीत नव्हतं. नोकरीत मी नेहमी गाडीत असायचो, आणि नंतर कधी कान दिला नाही.

मग मी वळून खिंडीकडे बघितलं.

सुलक्षणाने सांगितलं होतं तसंच होतं. मुक्कामी गाडी दारात, आणि खिंडीच्या बरोबर वर ती. तांबूस. तिने दाखवली होती ती हीच. तिने मला चुकीचं काही सांगितलं नव्हतं. माझाच महिना चुकला होता. तीनशे वर्षांपूर्वी तिथून निघालेला उजेड, तू एकदा सुलक्षणाला लिहिलं होतंस असं ती सांगायची, तो नेमका या वेळेला या खिंडीवर पोचतो, आणि इकडून आमची गाडी येते. दोन्ही वेळेवर. मला याचं फार कौतुक वाटलं. एवढा मोठा तारा, पृथ्वी पोटात घेईल एवढा, आणि आमच्या वाडीच्या खिंडीत मावतो.

एकच नजर टाकली. लगेच मार्गासनी बघितली, मग नसरापूर, आणि जिन्यात येऊन लिहिलं. नोंद अशी आहे:

८ मार्च, रात्री साडेआठ. आकाश स्वच्छ. मीरा मार्गासनीहून निघाली आहे, नसरापूर अजून बरंच लांब आहे. तीन हिश्श्यांतला एक हिस्सा रस्ता झाला.

या वेळी मला शंका नाही. तुझा आकडा तू काढ.

मानसिंग खालून विचारत होता, "काका, दिवं लावू का?" मी त्याला थोडा वेळ थांब म्हणालो. तो गाडीतच बसून राहिला.

स्नेहलला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आता आप्पा, काम झालं ना? येताय ना?" उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला एप्रिलमध्ये जाईन, असं तिला सांगितलं आहे. परत येईन हेही सांगितलं. आकडेमोड केली तर पुढच्या वेळी ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला उजळते. तेव्हा गाडीच्या वेळेला ती खिंडीवर नसेल, चांगली वर असेल. आता मला ते कळतं.

सुलक्षणाने लिहून ठेवलेली पाकिटं संपली. या पाकिटावरचा पत्ता माझ्या अक्षरात आहे. पोस्टमनला ओळखू येईल ना बघ.

एक विचारायचं राहिलं. नोंद लिहून झाल्यावर मी परत गच्चीवर गेलो, आणि ती खिंडीमागे जाईपर्यंत बघत राहिलो. शेवटी ती फारच ठळक झाली होती. ते मी नोंदीत धरलेलं नाही. पण नोंद झाल्यावर टक लावून बघायला हरकत नसते ना, तेवढं कळव.

धनाजी